दगड बडोद्यात, गामा लाहोरात

ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजी करंडकाच्या हंगामातील पहिल्याच सामन्यात बडोद्याने मुंबईला ८४ धावांनी हरवले. बडोद्यातच हरवले. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या बाकावर शेजारच्या गुजराती काकांनी मला विचारले, ‘साहेब, साचुं कहो, तमे कोनी बाजू हता?’ प्रश्न थट्टेचा होता. मी ‘बडोद्याच्या’ म्हणालो, काकांनी टाळी दिली, विषय संपला. पण घरी येऊन चपला काढताना माझ्या लक्षात आले, की उत्तर द्यायला मला एक क्षण लागला होता. आमच्या घराण्याची चौथी पिढी बडोद्यात जन्मली. तरी लहानपणी वडिलांच्या रेडिओवर मराठी समालोचन ऐकताना वाडेकर आणि गावसकर हे ‘आपले’ होते आणि ते मुंबईचे होते. तो क्षण तिथून आलेला होता.

या अंकाच्या वाचकांना तो क्षण समजावून सांगण्याची गरज नाही. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर, नवापूर, कुठेही राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न कुणी ना कुणी, कधी हसत तर कधी न हसता, विचारलेला असतो. इंग्लंडमध्ये तो १९९० साली भर राजकारणात विचारला गेला. नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या पुढाऱ्याने आशियाई स्थलांतरितांविषयी बोलताना त्यांच्या निष्ठेची कसोटी क्रिकेटवर लावली: सामना असला की हे लोक कुणाच्या बाजूने ओरडतात? तेव्हापासून तिला तिकडे ‘क्रिकेट कसोटी’ असेच नाव पडले आहे. आपण भारतीयांनी या कसोटीचा निषेध केला, आणि घरी येऊन आपल्या शेजाऱ्याला तीच लावली. देशाभिमानाचा आणि खेळाचा संबंध तपासायचा तर या दुटप्पीपणापासूनच सुरुवात करावी लागेल. त्यासाठी बडोद्यासारखे गाव शोधून सापडणार नाही.

रणजी करंडकाचा नकाशाच पाहा. गुजरात राज्यातून तीन संघ उतरतात: गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. महाराष्ट्रातूनही तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९६० साली भाषावार राज्ये झाली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण क्रिकेटने जुन्या संस्थानांच्या आणि प्रांतांच्या रेघा पुसल्या नाहीत. बडोद्याचा संघ आजही गायकवाडांच्या बडोद्याचा वारस आहे. त्याच्या यादीत गायकवाड, मोरे आणि मोंगिया असतात, तसेच पठाण आणि पंड्याही असतात. राज्याच्या सीमेने ज्यांना एका बाजूला टाकले, त्यांना मैदानाने निराळ्याच बाजूला ठेवले. मला यात एक दिलासा वाटतो. माणसाला एकच बाजू असते, हे गणित निदान या नकाशाला मान्य नाही.

या नकाशावरचा सर्वांत मोठा दिवस मार्च १९४७ मधला. रणजी करंडकाची अंतिम लढत बडोद्यातच होती. समोर होळकरांचा संघ, म्हणजे कर्नल सी. के. नायडूंचा संघ. बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आत गेले आणि मग विजय हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठी इतकी मोठी भागी त्यापूर्वी कुणी केली नव्हती आणि पुढे ५९ वर्षे कुणी केली नाही. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ती मागे टाकली.

आकडे बाजूला ठेवून माणसे पाहू. हजारे सांगलीचे मराठी ख्रिस्ती. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे संघ धर्माप्रमाणे पडत, आणि हजाऱ्यांसारख्यांना ‘इतरेजन’ म्हणून खेळावे लागे. त्याच संघातून त्यांनी १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. गुल महंमद लाहोरचे. ज्या महिन्यात ते बडोद्यात त्रिशतक काढत होते, त्याच महिन्यात लाहोर आणि रावळपिंडी दंगलींनी पेटली होती. एक मराठी ख्रिस्ती आणि एक पंजाबी मुसलमान, एका मराठा राजाच्या संघातून दुसऱ्या मराठा राजाच्या संघाविरुद्ध, गुजराती भाषेच्या मुलखात खेळत होते. टेबिटसाहेबांनी ती कसोटी इथे लावून दाखवावी.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. गुल महंमद फाळणीनंतरही भारताकडून खेळले. १९५२-५३ मध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा कसोटी मालिका खेळायला भारतात आला तेव्हाही ते भारताच्या बाजूने होते, आणि समोरच्या संघात अमीर इलाही होते, जे आधी भारताकडून खेळले होते आणि बडोद्याचेही गोलंदाज होते. नंतर गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी पाकिस्तानकडून खेळले. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले एकूण तीन खेळाडू: अब्दुल हफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. त्यांतले दोघे बडोद्याकडून रणजी खेळलेले. आमच्या गावाला या गोष्टीचा अभिमान वाटावा की संकोच, हे अजून कुणी ठरवलेले नाही. म्हणून आपण ती फारशी सांगत नाही. ‘हजाऱ्यांचे बडोदे’ एवढेच सांगतो. ५७७ मधून हजाऱ्यांच्या २८८ वजा केल्या तर काय उरते, हा हिशेब भाषणात येत नाही.

असाच एक हिशेब सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये पडून आहे. तिथे एक मोठा दगड आहे. गामा पहिलवानाने तो २३ डिसेंबर १९०२ रोजी बडोद्यात उचलला, असे त्यावर नोंदलेले आहे. वजन बाराशे किलो सांगतात. कुस्तीतल्या जाणत्याने तो आकडा ऐकून भुवई उंचावली, तर त्याला देशद्रोही म्हणू नये. अभिमानाला वजन-काटा मानवत नाही, हा सगळ्याच देशांचा रोग आहे. पण गामाची थोरवी त्या काट्यावर अवलंबून नाही. १९१० साली लंडनला जाऊन त्याने युरोप-अमेरिकेच्या नामांकित मल्लांना आव्हान दिले, तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो आणि त्याच्या जिंकण्याने सगळा हिंदुस्थान ताठ झाला होता. फाळणीनंतर गामा लाहोरात राहिला, १९६० साली तिथेच वारला. दगड बडोद्यात, गामा लाहोरात. आता हा अभिमान कुणाच्या खात्यावर मांडायचा?

१९५२ हे साल या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. फेब्रुवारीत मद्रासला हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तोही इंग्लंडविरुद्ध. जुलैत हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक सांगलीचा, दुसरा कराडजवळच्या गोळेश्वरचा. दोघेही कृष्णाकाठचे. हजाऱ्यांना बडोदा संस्थानने नोकरी देऊन खेळायला मोकळे ठेवले. खाशाबांच्या प्रवासासाठी लोकवर्गणी करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, लिअँडर पेसचे. मधल्या ४४ वर्षांत आपण देशाभिमानात कमी पडलो, असे कुणी म्हणणार नाही. कमी पडलो ते सवयीत.

दुसऱ्या देशांकडे पाहावे ते याच फरकासाठी. आयर्लंडचे उदाहरण आपल्याला सगळ्यांत जवळचे. १८८४ साली तिथे ‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था निघाली. इंग्रजांचे खेळ नकोत, आपले हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल खेळू, या हट्टातून गावोगाव क्लब उभे राहिले आणि आजही तिथला सर्वांत मोठा वार्षिक सोहळा त्यांच्या अंतिम सामन्यांचाच असतो. खेळाडू पगारी नसतात. आठवडाभर नोकरी करून रविवारी आपल्या परगण्याचा सदरा घालतात. हे ऐकायला गोड. पण याच संस्थेने परके खेळ खेळणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही सभासदत्व नाकारण्याचा नियम १९७१ पर्यंत चालवला. १९३८ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एक फुटबॉल सामना पाहायला गेले, म्हणून त्यांना आश्रयदातेपदावरून काढले. ज्या माणसाने आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचले त्याला! अभिमान सवयीत मुरला की गावे उभी राहतात, आणि तो राखण करू लागला की आपल्याच थोर माणसाला दाराबाहेर उभे करतो. भाषेच्या चळवळी पाहिलेल्या आपल्या सीमाभागातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे दोन शहरांमधल्या साध्या सामन्याआधीही राष्ट्रगीत होते, आणि घरच्याच बेसबॉल स्पर्धेच्या अखेरच्या फेरीला ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणतात. त्यांच्या अभिमानाला समोर दुसरा देश लागतच नाही. आपला अभिमान मात्र शेजारी समोर उभा राहिल्याशिवाय जागा होत नाही. जपानमध्ये शालेय मुलांची बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून चालत आली आहे आणि दर उन्हाळ्यात सगळा देश ती पाहतो. तेच जपानी प्रेक्षक फुटबॉलच्या विश्वचषकात परदेशी मैदानावरचा कचरा गोळा करून मग घरी जातात. नॉर्वेत तर मुले अकरा वर्षांची होईपर्यंत क्रमवारीच्या याद्या लावायच्या नाहीत असा नियम आहे. मुलांनी आधी खेळावे, नंबर मागून. साधारण ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके घेतली. आपल्याकडे सात वर्षांच्या मुलाच्या सामन्यात बाप कुंपणाला धरून ओरडत असतो, आणि पंधराव्या वर्षी तोच बाप दहावीसाठी त्याचे मैदान बंद करतो.

उगाच परदेशांची आरती ओवाळायची नाही. आपल्याकडेही सवय होती आणि तिचे एक मोठे घर बडोदेच होते. हुतूतूचे नियम बांधून १९२३ साली अखिल भारतीय सामने भरवले, ते बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. त्याच सुमारास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला. दहा खंड, मराठीत. मल्लविद्या, मल्लखांब, देशी खेळ, शस्त्रांचे हात, सगळे बारकाईने नोंदलेले. मी तो वाचनालयात बसून चाळला आहे. त्याचे गद्य रुक्ष आहे, पुनरुक्ती भरपूर आहे, आणि जुने ते सगळे श्रेष्ठ असा भाव अधूनमधून डोके वर काढतो. पण एक गुण असा की हे पुस्तक वाचकाला प्रेक्षक मानत नाही. पाय कुठे ठेवायचा, पकड कशी घ्यायची, श्वास केव्हा सोडायचा, हे ते सांगते. अभिमान बाळगा असे सांगण्याऐवजी जोर काढा असे सांगते.

आता आजची मराठी क्रीडापाने याच्या शेजारी ठेवून वाचा. क्रीडापत्रकारितेने मराठीला दिलेले शब्द मला मनापासून आवडतात. चौकार, षटकार, यष्टी, पायचीत, बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी ते घराघरात पोचवले. गुजराती शेजारी चोग्गो-छग्गो म्हणतो आणि बाकी बॅटिंग-बोलिंग तशीच ठेवतो. आपण मात्र फलंदाजी-गोलंदाजी घडवली. पण गोलंदाज म्हणजे मुळात तोफखान्यावरचा माणूस, हे विसरू नये. आपली क्रीडाभाषा जन्मतःच लढाईवरून आली. सामना हरला की ‘पानिपत’, जिंकला की ‘धुव्वा’, ‘खुर्दा’, ‘पाणी पाजले’. खर्डा आणि पानिपत या दोन लढायांवर आपली निम्मी क्रीडापाने चालतात म्हटले तरी चालेल.

उरलेले शब्द कुस्तीचे. शड्डू ठोकला, आस्मान दाखवले, चारी मुंड्या चीत केले. माझी तक्रार इथेच आहे. आखाड्यातून आपण शड्डू उचलला आणि सलामी तिथेच टाकून आलो. कुस्तीत लढत सुरू होण्याआधी हात मिळवतात, निकाल लागला की जिंकणारा हरलेल्याला मिठी मारतो, दोघे एकमेकांच्या वस्तादाच्या पाया पडतात. या आचाराला मराठी क्रीडालेखनात शब्दच उरले नाहीत. सामन्याच्या वृत्तान्तात प्रतिस्पर्ध्याला चेहरा नसतो. त्याचा चेंडू कसा वळला, त्याचा झेल कसा सुंदर होता, हे वाचायला मिळत नाही. मग तसा वाचक मैदानावर जातो तेव्हा काय होते? १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डनवर बाटल्या पडतात आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत ट्रॅव्हिस हेड विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शतक काढतो आणि लाखभर माणसांची टाळी वाजत नाही. मी तो सामना घरी टीव्हीवर पाहिला. हेडचे शतक झाले तेव्हा मीही टाळी वाजवली नाही, हे इथे कबूल करतो. हात उचलले होते. खोलीतले बाकीचे गप्प होते म्हणून खाली घेतले.

आणि याच देशात जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या प्रेक्षकांनी, भारत अवघ्या १२ धावांनी हरल्यावर, पाकिस्तानी संघाला उभे राहून टाळ्या दिल्या होत्या. संघ मैदानाभोवती फेरी मारत होता आणि टाळ्या थांबत नव्हत्या. ‘भारतीय प्रेक्षक असाच’ हे वाक्य म्हणून खोटे आहे. प्रेक्षक तयार होतो. वर्षानुवर्षे जे वाचतो, ऐकतो, घरी पाहतो त्यातून तयार होतो. त्यात लिहिणाऱ्याचा वाटा मोठा. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ साली ‘बियाँड अ बाउंडरी’ लिहिले. रामचंद्र गुहांनी २००२ साली ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’मध्ये पाळवणकर बाळूंची कथा मध्यभागी आणली. दोन्ही पुस्तकांत देशाचा अभिमान आहे. पण तो अभिमान ‘आपल्यातल्या कुणाला आपण आत घेतले नाही?’ हा प्रश्न विचारूनच पुढे जातो. हजारे आणि गुल महंमद यांच्या त्या भागीदारीवर असे पुस्तक मराठीत यावे, ही माझी जुनी इच्छा आहे. साहित्य म्हणून यावे. गौरवग्रंथ म्हणून नव्हे.

कारण हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीत आपल्या पुरुषांना इराणने उपान्त्य फेरीत हरवले आणि महिलांना अंतिम फेरीत. कबड्डीतले आपले हुकमी सुवर्ण गेले. त्या जिंकलेल्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा आमच्या बाकावर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, ही बाई आपल्याच देशाविरुद्ध कशी उभी राहिली? दुसऱ्याचे म्हणणे, आपला खेळ जगाला शिकवला, याहून मोठा अभिमान कोणता? मी दुसऱ्या तटात होतो. बडोद्याने १९२३ मध्ये नियम बांधले ते काय आपण एकट्यानेच खेळत बसावे म्हणून? जो खेळ दुसऱ्याला शिकवता येतो आणि ज्यात शिष्याकडून हरता येते, तोच खरा मोठा झाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले. मला आनंद झालाच. पण ज्या वर्षी कुणी परका संघ आपल्याला खो देऊन जाईल, त्या वर्षी खो-खो जगाचा झाला असे मी समजेन.

आखाड्याला हे आधीपासून ठाऊक होते. बडोद्याचे राजरत्न प्रो. माणिकराव हे ब्रह्मचारी, कडवे देशभक्त, हिंदू परंपरेत वाढलेले. त्यांनी आपल्या व्यायामशाळेला ना देवाचे नाव दिले ना राजाचे. आपल्या मुसलमान वस्तादाचे दिले: जुम्मादादा व्यायाम मंदिर. ‘जुम्मादादा’ आणि ‘मंदिर’ हे शब्द एका पाटीवर शेजारी बसले, आणि त्यात कुणाला काही अडले नाही. ज्याने डाव शिकवला तो आपला, इतके सरळ.

गेल्या दिवाळीत नात परदेशातून आली होती. तिला सयाजीबागेत नेले, गामाचा दगड दाखवला, गोष्ट सांगितली. तिने विचारले, ‘म्हणजे आजोबा, तो आपला होता की त्यांचा?’ टेबिटसाहेबांचा प्रश्न, काकांचा प्रश्न, फिरून माझ्याच पुढ्यात. या वेळी उत्तराला क्षण लागला नाही. म्हटले, ‘तो पहिलवान होता, बाळ. इथे येऊन दगड उचलून गेला.’

ती थोडा वेळ दगडाकडे बघत राहिली. मग कुणाचे लक्ष नाही असे पाहून तिने दोन्ही हात लावून त्याला ढकलून पाहिले. तो अर्थातच हलला नाही. पण देशाभिमानाविषयी गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलेली ती सगळ्यांत चांगली गोष्ट होती.